प्रतिसाद : काटा बिघडलेला नाही, तो बळच मोजतो

लिफ्ट वर जायला लागताना वजनकाट्यावर ६० ऐवजी ६६ दिसले, तर काटा बिघडला का, असं वर विचारलंय. अजिबात नाही. आपण काट्याला जेवढं खाली दाबतो तेवढंच तो आपल्याला वर ढकलतो, आणि मोजलं जातं ते हेच बळ. ६० किलोच्या माणसासाठी ते साधारण ५८८ न्यूटन असतं. काटा त्याला ९.८ ने भागून किलो दाखवतो. लिफ्टने वरच्या दिशेने सेकंदाला १ मीटर प्रतिसेकंद असा वेग पकडला, की हेच बळ ६४८ न्यूटन होतं. भागाकार मात्र ९.८ नेच. म्हणून ६६!

डिजिटल काटा उलटा करून बघा. चार कोपऱ्यांत चार पाय दिसतील. प्रत्येकाच्या आत धातूची छोटी पट्टी असते आणि तिच्यावर चिकटवलेली बारीक नागमोडी तार. पट्टी किंचित वाकली की तार ताणली जाते, तिचा विद्युतरोध जरासा वाढतो, आणि त्यावरून बळ कळतं. किती नाजूक काम आहे हे! जाड गालिच्यावर आकडा चुकतो तो याच पायांमुळे. ते रुततात, काट्याचं बूड गालिच्याला टेकतं आणि काही भार पायांना चुकवून थेट जमिनीवर जातो.

लिफ्ट नसली तरी स्प्रिंगच्या जुन्या काट्यावर पटकन खाली बसून बघा. आधी तबकडीवरचा आकडा घसरतो, थांबताना खऱ्या वजनाच्याही वर जातो. डिजिटल काट्यावर हे नीट दिसत नाही, कारण आकडा स्थिरावेपर्यंत तो थांबतो.