चीन सहल : आन्यांग ठेवावे की वगळावे?

सहल समिती : सर्वांना नमस्कार. शिआन, आन्यांग, चंगचौ आणि बीजिंग असा सहलीचा कच्चा आराखडा आहे. आन्यांगऐवजी शांघाय घ्यावे, असे काही सदस्यांनी सुचवले आहे. कृपया आपली मते इथेच मांडावीत.

ए विंग : आन्यांगचे नाव आमच्या घरात कोणीच ऐकलेले नाही. मातीचे सैनिक पाहायला शिआनला जाणारच आहोत, मग आणखी एका उत्खननासाठी वेळ द्यावा का, एवढीच माझी शंका आहे.

बी विंग : ताई, शंका रास्त आहे, पण माझ्या मते आराखड्यातून दुसरे काहीही गळाले तरी चालेल, आन्यांग गळता कामा नये. शिआनजवळची फौज १९७४ साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडली आणि ती भव्य आहेच. परंतु ती छिन शी ह्वांग या सम्राटाची, म्हणजे इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातली. आन्यांगचे यिन्शू ही शांग राजांची राजधानी त्याहून सुमारे हजार वर्षे जुनी आहे. तिथे कासवाच्या पोटाकडच्या कवचाला किंवा बैलाच्या खांद्याच्या हाडाला मागून खळगे पाडून आच देत, पुढच्या बाजूला उमटलेल्या तड्यांवरून कौल वाचत आणि विचारलेला प्रश्न त्याच हाडावर कोरून ठेवत. कोकणात देवाला कौल लावतात तसाच हा प्रकार, पण इथे तो लेखी आहे, आणि चिनी लिपीचा सर्वांत जुना मोठा साठा तो हाच. पाऊस, पीक, लढाई, अगदी राजाची दाढदुखीसुद्धा त्यात आहे.

वू दिंग राजाची राणी फू हाव सैन्य घेऊन लढाईला जात असे, हेही आपल्याला या हाडांवरूनच कळते. तिच्या बाळंतपणाचा एक कौल आहे. मुलगी झाली, ‘शुभ नाही’, अशी नोंद त्यावर कोरलेली आहे. जी बाई फौजेच्या अग्रभागी होती, तिच्याच लेकीबद्दलची ही नोंद वाचून मन विषण्ण होते. १९७६ साली चंग चन्श्यांग या महिला पुरातत्त्वज्ञाच्या नेतृत्वाखाली फू हावची कबर उघडली गेली. ती चोरांच्या हाती लागलेली नव्हती, त्यामुळे चारशेहून अधिक काशाच्या वस्तू आणि सुमारे ७,००० कवड्या जागच्या जागी मिळाल्या. तिच्या घुबडाच्या आकाराच्या मद्यपात्रांच्या जोडीपैकी एक चंगचौच्या हनान संग्रहालयात आणि दुसरे बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कबर आधी पाहिली, तर पुढे या दोन्ही ठिकाणी आपण काचेसमोर नुसते उभे राहणार नाही.

सी विंग : मला पटले. मात्र आमच्यासारख्या ज्येष्ठांना चालणे किती पडेल, हे आधी कळावे. शिआनमध्ये मोठा वन्य हंस स्तूपही ठेवावा, ही विनंती. सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन पुलकेशीच्या राज्याचे वर्णन लिहिणाऱ्या ह्युएन त्संगाने भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी तो ६५२ मध्ये बांधला गेला.

बी विंग : काका, स्तूप शहरातच आहे, तो ठेवूच. चालण्याचे म्हणाल तर यिन्शूचा परिसर पसरलेला आहे, म्हणून सकाळी फक्त कबर आणि रथ पुरलेले खड्डे पाहू आणि दुपारी २०२४ साली उघडलेल्या नव्या संग्रहालयात सावकाश फिरू.

ए विंग : मग आमच्या घरातून आन्यांगला होकार धरावा.

सहल समिती : ठीक आहे, आन्यांग कायम ठेवत आहोत. चीनमधली बरीच संग्रहालये सोमवारी बंद असतात आणि शिआनच्या शान्शी इतिहास संग्रहालयाचे आरक्षण पासपोर्ट क्रमांक देऊन आगाऊ करावे लागते. म्हणून प्रत्येकाने पासपोर्टची प्रत रविवारपर्यंत कार्यालयात द्यावी. ती कृपया ग्रुपवर टाकू नये.