एपकॉटमधला मोरोक्को : तुम्ही गेला असाल तर अनुभव लिहा

एपकॉट म्हणजे अमेरिकेत ऑर्लँडोला असलेलं डिझ्नीचं पार्क, त्यात एका तळ्याभोवती वेगवेगळे देश छोट्या रूपात उभे केलेत. ऑर्लँडोला येणाऱ्या ओळखीच्या मराठी मंडळींचं पार्कचं प्लॅनिंग बरेचदा माझ्याकडे असतं, आणि दर वेळी एक गोष्ट जीवाला लागते. जपान बघून झाला की सगळे तडक फ्रान्समधल्या राइडच्या रांगेकडे निघतात आणि मधला मोरोक्को नुसता चालत ओलांडतात, कारण तिथे राइडच नाही. एपकॉट सुरू झालं १९८२ मध्ये, आणि नंतर जे देश वाढवले त्यातला पहिला मोरोक्को, सप्टेंबर १९८४. डिझाइनमध्ये खुद्द मोरोक्को सरकारचा सहभाग होता आणि तिथले तेव्हाचे राजे हसन दुसरे यांनी आपल्या देशातून कारागीर पाठवले होते, असं भाग्य बाकी कुठल्या देशाच्या वाट्याला आलेलं नाही. मला तरी अख्ख्या तळ्याभोवती हीच जागा सगळ्यात जास्त आवडते. तुम्ही गेला असाल तर काय बघितलंत, काय खाल्लंत, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कसं वाटलं, सगळं लिहा. टँपाच्या बुश गार्डन्स या दुसऱ्या पार्कमधल्या मोरोक्कोबद्दल लिहिलंत तरी चालेल.

खडूफळा :
मी आर्किटेक्चर शिकवते त्यामुळे मी तिथे पोचले की घरचे पुढे निघून जातात, कारण मी भिंतीपाशी उभी. जवळजवळ नऊ टन टाइल्स लागल्यात म्हणतात. ही नक्षी रंगवलेली किंवा छापलेली नाही हो, भाजलेल्या रंगीत फरशीतून छोट्या हातोडीने एकेक तुकडा काढायचा, चांदणी, पाकळी, चौकट, जो आकार हवा तो, आणि मग ते तुकडे उलटे मांडायचे म्हणजे रंगाची बाजू जमिनीकडे, आणि मागून गिलावा ओतायचा. मांडणाऱ्याला नक्षी दिसतच नाही, ती सगळी डोक्यात! जेलीज म्हणतात याला. पार्कमधल्या बऱ्याच इमारतींचा दगड म्हणजे फायबरग्लास आणि रंग असतो, इथे मात्र हात लावला की खरी गार टाइल लागते. आणि भिंतींवर माणूस, प्राणी, पक्षी शोधून बघा, सापडणार नाही, फक्त भूमिती, वेली आणि अक्षरं. आतल्या चौकातलं नेज्जारीन कारंजं चुकवू नका, मोरोक्कोतल्या फेस शहरातल्या कारंज्याची प्रतिकृती आहे आणि लोक तिथे थांबत सुद्धा नाहीत.

पेठेतला :
आधी एपकॉट बघितलं होतं आणि मग काही वर्षांनी खरं फेस बघायचा योग आला त्यामुळे लिहितो. बाब बू जलूदची कमान पार्कमध्ये आहे ना, अलीकडे नवं शहर आणि कमानीतून आत गेलं की मदिना म्हणजे जुनं शहर, ही रचना अगदी खरी. फेसमधली सध्याची कमान १९१३ ची आहे, बाहेरून निळी, आतून हिरवी. ती समोर आली तेव्हा पुढे गल्ली कुठे वळणार याचा थोडा अंदाज होता मला, बायको म्हणाली तू इथे आधी येऊन गेलायस का? पण खरी मदिना म्हणजे वासच वेगळा, चामडं कमावण्याच्या हौदांचा वास, पुदिन्याच्या जुड्यांचे ढीग, आणि मागून ओझ्याचं खेचर येतं तेव्हा हाकणारा "बलाक बलाक" ओरडतो की भिंतीला चिकटून उभं राहायचं, कारण गल्लीत तेवढीच जागा. पार्कमध्ये हे कसं असणार, आणि असावं असं मी म्हणतही नाही. पण आधी ती छोटी प्रतिकृती बघितलेली होती म्हणून खऱ्या ठिकाणी बारकावे जास्त दिसले मला, हे नक्की.

गवतीचहा :
आमच्याबरोबर सासूबाई होत्या, उन्हाने पार थकलेल्या, त्यांना मोरोक्कोतल्या आतल्या सावलीत बसवलं आणि तिथून त्या उठायलाच तयार नाहीत. मेहंदी काढणारी मुलगी मोरोक्कोतल्या मेक्नेस शहराची होती, सासूबाई इंडियातल्या आहेत कळल्यावर तिने पहिला प्रश्न शाहरुखबद्दल विचारला आणि मग तिच्या आजीला कुठले हिंदी सिनेमे आवडतात ते सांगत बसली. सासूबाईंना इंग्लिश येत नाही, तिला हिंदीतले चार शब्द, पण दोघींच्या गप्पा काही थांबेनात. मेहंदी लग्नात वधूच्या हातावर काढतात ते त्यांच्याकडेही आहे, फक्त नक्षी वेगळी, आपल्यासारखे मोर-कोयऱ्या नाहीत, सरळ रेघा, त्रिकोण, चौकटी. ट्रिपचे सगळे फोटो दाखवताना सासूबाई अजून तो हातच आधी दाखवतात.

टँपाकर :
आमच्या बुश गार्डन्समध्ये मोरोक्को म्हणजे पार्कचा दरवाजा आणि पुढची दुकानं, दिसायला छान आहे. तिथली खरी मजा पार्कच्या इजिप्त भागात, माँटू कोस्टर १९९६ पासून आहे, पाय खाली लोंबकळत असतात. मुलं मोठी असतील तर न्याच. पण कलाकुसर बघायची असेल तर खडूफळा ताई म्हणतायत तेच बरोबर, एपकॉट.

सांजवेळ :
माझं मत थोडं वेगळं आहे, प्रेम असूनही. रेस्टॉरंट मराकेश २०२० ला बंद झालं ते नेहमीचं रेस्टॉरंट म्हणून परत उघडलंच नाही आणि त्याने त्या जागेचा जीव गेला असं मला वाटतं. आत शिरलं की कोरीव छत, उंच खांब, मध्ये वादक. तिथे बेली डान्स असायचा, खरं तर तो इजिप्तकडचा नाच, मोरोक्कोचं स्वतःचं ग्नावा संगीत किती जबरदस्त आहे, ते रोज ऐकवलं असतं तर! डिझ्नीच्या अल्लादीनमधल्या राजकन्या जास्मिनला भेटायला मुलींची रांग असते तिथे, मुली खूश होतात त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही, पण अल्लादीनची जुनी गोष्ट चीनमध्ये घडते आणि तिच्यातला जादूगार तेवढा मगरिबचा (मोरोक्कोकडच्या मुलखाचा), म्हणजे या भागाच्या वाट्याला नेमका खलनायक आलाय. म्हणून मुलांना जास्मिननंतर कारंज्यापाशी नक्की न्या, या लोकांनी हाताने काय बनवलंय ते दाखवा.

रहाटगाडगं :
तळ्याच्या बाजूला पाण्याचं चाक आहे ते कोणी लिहिलं नाही? माझे वडील कोकणातले, त्यांनी बघितल्या बघितल्या ओळखलं, आमच्या आगरातला रहाट, म्हणाले. बाकी सगळे देश बघून झाले तरी त्यांचं त्या चाकाबद्दलच चाललं होतं.
अजून एक, तळ्यावरचा रात्रीचा जुना शो, २०१९ पर्यंत होता तो, त्यात सगळ्या देशांच्या इमारती दिव्यांनी उजळायच्या आणि मोरोक्को मात्र अंधारात ठेवायचे, कारण मिनार मशिदीच्या मिनारासारखा बांधलाय म्हणून त्याचा मान राखायचा. हे कळल्यापासून मला त्या अंधाराचंच जास्त कौतुक.
फोटोवाल्यांनी पलीकडून, मेक्सिकोच्या बाजूने बघा, मोरोक्कोच्या मागे शेजारच्या पार्कमधला टॉवर दिसतो, त्याचा रंग आणि वरचे आकार मुद्दाम इथल्या इमारतींना जुळतील असे केलेत.

नवीन_आहे :
आईबाबांना घेऊन जानेवारीत जातोय, दोघं शुद्ध शाकाहारी. खायचं काय? आणि कधी जाऊ?

गवतीचहा :
@नवीन_आहे, फलाफल, हमस, ऑलिव्ह असं काही मिळालं तर निर्धास्त घ्या. कुसकुस (रव्याच्या बारीक दाण्यांचा पदार्थ) भाज्यांचा दिसला तरी आधी विचारा, पारंपरिक सात भाज्यांचा कुसकुससुद्धा बरेचदा मटणाच्या पाण्यावर शिजवतात. पुदिन्याचा चहा मिळाला तर बाबांना द्याच, गोड असतो बऱ्यापैकी, डायबेटिस असेल तर बघा. जेवणाच्या गर्दीआधी पोचा, सकाळी देश उघडले की उलटीकडून, फ्रान्सच्या बाजूने शिरा, मोरोक्को रिकामा मिळतो आणि आईबाबांना आतल्या चौकात बसायला जागा असते.