७/११ च्या निकालानंतर : कडक कायद्यातलं नेमकं काय आपल्याला वाचवतं?

वसईची_सून

नमस्कार. प्रश्न थोडा लांब आहे, पण पूर्ण वाचून उत्तर द्यावं ही विनंती.

माझे मामेसासरे ११ जुलै २००६ ला चर्चगेटहून सुटलेल्या लोकलच्या फर्स्ट क्लासमध्ये होते. माहीमला स्फोट झाला. ते वाचले, उजवा कान मात्र कायमचा गेला. त्या संध्याकाळी अकरा मिनिटांत सात गाड्यांत स्फोट झाले आणि १८९ माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष मकोका (संघटित गुन्हेगारीविरोधी राज्य कायदा) न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या पाच जणांना फाशी सुनावली. मामांना वाटलं, संपलं एकदाचं. मग २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली ती एवढ्यापुरतीच, की हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये. सुटलेल्यांना परत तुरुंगात जायचं नाही.

मामा त्या दिवसापासून एकच विचारतात, "मग केलं कोणी?" माझा मुलगा एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणतो, असले कायदेच नकोत, माणसं वर्षानुवर्षं सडतात. मामा त्याच्यावर कडाडले, "तुझं स्वातंत्र्य तुझ्यापाशी ठेव, मला संध्याकाळी जिवंत घरी यायचंय!" दोघंही माझीच माणसं, आणि मला दोघांचंही पटतं. म्हणून विचारते, कडक कायद्यातली कोणती गोष्ट आपल्याला खरोखर वाचवते आणि कोणती नुसती माणसं आत ठेवते? "समतोल साधायला हवा" एवढंच उत्तर कृपया नको.

निवृत्त_पीआय

ताई, माझी सगळी नोकरी खात्यात गेली. या तपासात मी नव्हतो. आता वकील मंडळी येऊन सांगतील की मारून कबुली घेतली. त्याआधी तेव्हाची मुंबई आठवा. फलाटांवर आजच्यासारखे कॅमेरे नव्हते. जखमींना आधी उचलायचं की पंचनामा करत बसायचं? काही तासांत गाड्या सुरू झाल्या, सगळ्यांनी मुंबईचं कौतुक केलं, पण त्या रुळांवर घटनास्थळ म्हणून काय शिल्लक राहिलं असेल?

आरोपपत्रासाठी कडक कायद्यात मिळतात ते १८० दिवस लागतातच, हे मी ठामपणे सांगतो. सूत्रधार सीमेपलीकडे, पैसा हवाल्याने आलेला, सिमकार्ड तिसऱ्याच्याच नावावर, प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने. साध्या कायद्याप्रमाणे ९० दिवसांत आरोपपत्र झालं नाही तर जामीन हक्काने मिळतो, आणि अशा गुन्ह्यात बाहेर गेलेला माणूस तारखेला परत उभा राहीलच असं नाही. साक्षीदार तर आरोपी सुटल्याचं ऐकूनच गप्प होतो. जामिनाची कलमं सैल केली, तर पुढच्या स्फोटानंतर मामांसारख्यांना कोण तोंड देणार?

वकीलीणबाई_नाशिक

साहेब, मी मारहाणीपासून सुरुवात करत नाही. रुळांवर पुरावा उरत नाही हे तुमचं म्हणणं खरं आहे, आणि माझा मुद्दा तिथूनच निघतो.

ताई, आधी दोन कायदे वेगळे करा. टीव्हीवरच्या चर्चांत त्यांची सरमिसळ होते. साध्या फौजदारी खटल्यात पोलिसापुढची कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यापासून हे असंच आहे. १९८७ च्या टाडा या दहशतवादविरोधी कायद्याने ते दार उघडलं, २००२ च्या तशाच पोटा कायद्याने उघडं ठेवलं. ते दोन्ही गेले. पण १९९९ चा मकोका आहे, आणि त्याच्या कलम १८ प्रमाणे अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा ठरते. दुसरा यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्यांविरोधातला केंद्रीय कायदा, त्यात ही सोय नाही. तिथे कळीचं कलम ४३ड(५). आरोप प्रथमदर्शनी खरा मानायला वाजवी कारण दिसलं की जामीन नाही. २०१९ च्या वटाली निकालानंतर त्या टप्प्यावर पुराव्याची खोलात छाननीही करता येत नाही. २०२१ च्या नजीब निकालाने थोडी वाट दिली, खटला फारच लांबला तर उच्च आणि सर्वोच्च न्यायालय जामीन देऊ शकतं.

७/११ च्या खटल्याचा मोठा भार कबुल्यांवर होता. उच्च न्यायालयाला त्यांतले काही भाग एकमेकांची नक्कल केल्यासारखे दिसले, छळाच्या तक्रारींना वैद्यकीय कागदांचा आधार सापडला. ओळख परेड घेणाऱ्याला तो अधिकारच नव्हता. टॅक्सीवाल्यांनी शंभराहून अधिक दिवसांनी चेहरे ओळखले. कोणत्या प्रकारचा बॉम्ब होता तेही सिद्ध झालं नाही. मला याचा अर्थ असा लागतो की कबुली हातात आली आणि बाकीचा पुरावा पक्का करण्याची निकड गेली. आधीच पुरावा कमी, त्यात ही सवलत. कबुली पडली तेव्हा तिच्याखाली उभं राहायला काही नव्हतं.

आणि हे एका धर्माच्या आरोपींपुरतं नाही. मी याच जिल्ह्यातली, म्हणून मालेगावचं सांगते. २००६ च्या स्फोटात आधी नऊ मुस्लिम माणसं धरली. पुढे एनआयए या केंद्रीय तपास यंत्रणेने वेगळ्याच लोकांवर आरोपपत्र ठेवलं आणि २०१६ मध्ये आधीचे आरोपमुक्त झाले. २००८ च्या स्फोटात हिंदू आरोपी होते. तिथे मकोका काढून टाकला गेला तशा त्याखालच्या कबुल्याही गळाल्या, आणि ३१ जुलै २०२५ ला सातही जण सुटले. मुंबईच्या निकालानंतर दहाच दिवसांत! "मग केलं कोणी?" हा प्रश्न आमच्या मालेगावच्या घरांतही तसाच पडून आहे. तो ऐकला की माझा जीव तुटतो.

आता कसाबचा खटला बघा. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी जीव देऊन पकडलेला माणूस. त्यालाही वकील दिला. त्याची कबुली दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदली गेली, आणि खटला तेवढ्यावर सोडला नाही. सीएसटीवरचे फोटो, कॅमेऱ्यांचं चित्रण, सूत्रधारांशी चाललेली फोनवरची बोलणी, जीपीएस, कुबडीवर साक्षीला आलेली लहान मुलगी, असं सगळं न्यायालयापुढे आलं. दीड वर्षाच्या आत शिक्षा, वरच्या दोन्ही न्यायालयांत ती टिकली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. त्याच न्यायाधीशांनी, ताहिलियानी साहेबांनी, दोन भारतीय सहआरोपींना सोडलं. मेलेल्या अतिरेक्याच्या खिशात सापडला म्हणून दाखवलेल्या नकाशावर रक्ताचा डागसुद्धा नव्हता. त्या सुटकेने कसाबची शिक्षा आणखी पक्की झाली, असं मी मानते.

तर ताई, माझं उत्तर. फोन ऐकण्याचे अधिकार, गुप्तवार्ता, पैशाचा माग या गोष्टी वाचवतात, त्या न्यायालयाच्या देखरेखीखाली ठेवा. पोलिसापुढची कबुली वाचवत नाही, कलम १८ काढा. १८० दिवसांवरून मी साहेबांशी भांडणार नाही. पण जामीन नाकारायचा असेल तर खटला रोज चालवा. इथे खटल्याला नऊ वर्षं लागली आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला आणखी जवळपास दहा. २०१५ मध्येच सुटलेल्या तेराव्या आरोपीची तोवर नऊ वर्षं आत गेली होती. ती त्याला कोण देणार?

हाउन्सलोकर

लंडनमधून लिहितोय. इथे ७ जुलै २००५ च्या स्फोटांनंतर ब्लेअर सरकारला आरोप न ठेवता ९० दिवसांची कोठडी हवी होती. संसदेने ती फेटाळली आणि २८ दिवस दिले. २०११ मध्ये तेही उतरून १४ वर आले. इथलं आरोप ठेवणं आणि आपलं आरोपपत्र एकच नव्हे, त्यामुळे आकडे सरळ ताडून बघू नका. पण स्फोटांनंतर दोन आठवड्यांनी स्टॉकवेल स्टेशनात पोलिसांनी अतिरेकी समजून एका निरपराध ब्राझिलियन तरुणाला गोळ्या घातल्या. तोही तुमच्या मामांसारखा गाडी पकडायलाच आला होता.

निवृत्त_पीआय

वकीलबाई, कलम १८ वर आपलं जमणार नाही. साक्षीदार फुटलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. पण चौकशीच्या खोलीत कॅमेरा असावा, हे मान्य. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तसं सांगितलंय. प्रामाणिक अधिकाऱ्याला त्यानेच संरक्षण मिळेल. फक्त तपासाला वेगळी माणसं द्या हो! स्फोटाचा तपास करणाराच गणपतीच्या बंदोबस्ताला उभा केला, तर पुरावा गोळा करायचा कधी?

वसईची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही बाजू मामांना वाचून दाखवल्या, डाव्या बाजूला बसून. कॅमेऱ्याच्या मुद्द्यावर त्यांनी मान हलवली, जामिनावर नाही. त्यांचा एक प्रश्न आहे, सर्वोच्च न्यायालयात आता जे अपील चालेल, त्यात त्यांना काही म्हणता येईल का?

वकीलीणबाई_नाशिक

येईल. २०२२ च्या जगजीत सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की पीडिताला कारवाईच्या प्रत्येक टप्प्यावर आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे. जखमी प्रवासी पीडितच. अपिलात हस्तक्षेपाचा अर्ज करावा लागेल. वकिलाचा खर्च झेपणार नसेल तर सर्वोच्च न्यायालयाची विधी सेवा समिती आहे, तिच्या निकषांत बसतात का ते आधी विचारा. रुग्णालयाचे २००६ चे कागद, कानाच्या तपासणीचा अहवाल आणि नुकसानभरपाई मिळाली असेल तर तिची पावती एकत्र काढून ठेवा. जबाब नोंदवला होता का, तेही मामांना आठवायला सांगा. त्या वेळचा पास सापडला तर तोही जोडा.