अनुभव धागा : खेळताना निखळलेला खांदा

मैदानकर (धागाकर्ता)
मार्च 2021 मध्ये पुण्याजवळ गहुंज्याला इंग्लंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात चेंडू अडवताना श्रेयस अय्यरचा डावा खांदा गेला. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तो पुन्हा सामना खेळला सप्टेंबरमध्ये. हाताशी सगळं असलेल्या खेळाडूला एवढा वेळ लागतो. आपल्या कबड्डी मंडळांत मात्र खांदा ‘बसवला’ की तिसऱ्या आठवड्यात पोरगं चढाईला! खेळाडू, प्रशिक्षक, फिजिओ, सगळ्यांनी लिहा. कहाण्या नकोत, दुसऱ्याला वापरता येईल असं नेमकं काही द्या.

डावा कोपरा
कबड्डीत दोन जागा धोक्याच्या. एक म्हणजे, कंबर पकडलेली असताना चढाईपटू मध्यरेषेकडे हात फेकतो आणि त्याच हातावर आपटतो. दुसरी साखळीची, म्हणजे बचाव करणारे हात धरून उभे असतात तेव्हाची. जोडीदार पुढे झेपावतो आणि मागे राहिलेल्याचा हात बाहेर-मागे ओढला जातो. कोपर अंगापासून दूर आणि पंजा मागे वळलेला असला, की खांदा पुढच्या बाजूने सुटतो.

खांद्याची गोलाई जाऊन तिथे कोन दिसला, पुढे गोळा लागला आणि हात अंगाला टेकवता येईना, तर ओढू नका. ज्या स्थितीत हात कमी दुखतो तिथेच उशी किंवा घडी घातलेला टॉवेल देऊन बांधा. बर्फ कापडात गुंडाळून 15-20 मिनिटं. मनगटाची नाडी बघा, बोटं हलतात का बघा, दंडाच्या बाहेरच्या बाजूला बोट फिरवून बधिरपणा विचारा. बधिर असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगा, तिथली नस ताणलेली असू शकते. खायला-प्यायला देऊ नका, खांदा बसवताना गुंगीचं औषध द्यावं लागू शकतं.

हाडांचा डॉक्टर
कोपरादादांच्या ‘ओढू नका’खाली दोन रेघा मारा. निखळण्यासोबत दंडाच्या हाडाचा तुकडाही मोडलेला असू शकतो, आणि ते बाहेरून कळत नाही. म्हणून एक्स-रे बसवण्याआधी एक आणि बसवल्यावर एक.

खांद्याची खोबण बशीइतकी उथळ असते. तिच्या काठावर लॅब्रम नावाची कूर्चेची कड असते. पुढे निखळताना बहुधा तीच खालच्या-पुढच्या भागात फाटते आणि दंडाच्या हाडाच्या गोळ्याला मागून खोक पडते. विशीच्या आतल्या खेळाडूचा खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. चाळिशीनंतर प्रश्न वेगळा. तिथे रोटेटर कफचे (खांद्याभोवती असून तो फिरवणारे) स्नायुबंध फाटलेत का, ते बघावं लागतं. दोन-तीन आठवड्यांनीही हात स्वतःहून वर जात नसेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआय टाळू नका.

लॅब्रम दुर्बिणीतून शिवता येतं. खोबणीचं हाड बरंच झिजलं असेल तर नुसती शिलाई टिकत नाही, हाडाचा तुकडा बसवावा लागतो.

फिजिओताई
स्लिंग (हात गळ्यात अडकवायची झोळी) साधारण 1 ते 3 आठवडे, त्यातही रोज चार-पाच वेळा काढून बोटं, मनगट, कोपर हलवायचं. (शस्त्रक्रिया झाली असेल तर पुढचं वेळापत्रक सर्जनच्या सांगण्यानुसार.) कोपर अंगाला चिकटवून मूठ भिंतीवर हलकेच दाबा, खांदा न हलवता 5 सेकंद, 10 वेळा. या काळात पंजा बाहेर फिरवून मागे न्यायचा नाही.

मग उताणं झोपून, चांगल्या हाताने काठीचा आधार देत हात वर. साधारण सहाव्या आठवड्यापासून थेराबँड, म्हणजे ताणायचा रबरी पट्टा. काखेत गुंडाळलेला टॉवेल, कोपर काटकोनात, पंजा बाहेर. 15 चे 3 संच. परत येताना तीन आकडे मोजत या. बँड झटकन सुटू दिला तर अर्धा व्यायाम वाया. सोबत रोइंग (बँड स्वतःकडे ओढणं), पालथं झोपून हात बाजूला उचलणं, आणि पुश-अप आधी भिंतीवर, मग गुडघ्यांवर, मग जमिनीवर.

दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते गेलेलं हवं. राहिलं तर वजन कमी करा, व्यायाम बंद करू नका.

बिघडतं ते जिममध्ये. हात वर जायला लागला की पोरं थेट बेंच प्रेसवर! छाती वाढते, खांद्यामागचे स्नायू कच्चेच, आणि गोळा पुढे ढकलला जातो. डिप्स (दोन दांड्यांवर हातांनी अंग खाली-वर करणं), रुंद पकडीचा बेंच आणि मानेमागे ओढायचा पुलडाउन हे सगळ्यात शेवटी.

साधा माणूस
शर्ट पुढून बटणांचा. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. झोपताना कोपराखाली उशी, म्हणजे दंड मागे लोंबत नाही.

सीमारेषा
फेकीबद्दल : कोपर खांद्याच्या उंचीला, पंजा वर, अशा स्थितीत ताकद आल्याशिवाय चेंडू हातात देऊ नका. सुरुवात 10 मीटर, अर्ध्या जोराने, 20-25 फेकी, एक दिवस आड. एका वेळी अंतर वाढवा किंवा जोर, दोन्ही एकदम नाही. क्षेत्ररक्षणाची झेप सगळ्यात शेवटी, तीही आधी गुडघ्यावरून, गादीवर.

मैदानकर
ताई, पट्टा किंवा टेप लावून सामना खेळता येईल का, असं बरेच जण विचारतात.

फिजिओताई
पट्टा हात फार मागे जाण्यापासून थोडा अडवतो, ताकद देत नाही. बाहेर फिरवण्याची ताकद दुसऱ्या हाताच्या निदान 90 टक्के हवी आणि हात मागे नेताना ‘आता सुटेल’ ही भीती वाटता कामा नये. यातली एक जरी अट पुरी झाली नसेल तर पट्ट्यासकट बाकावरच बसवा.