जुन्या टाटामोबाइल २०६ ला हीटर प्लगचा रिले आणि बटण कसं बसवावं?

द्राक्षपट्टा_२०६

गाडी टाटामोबाइल २०६ पिकअप, ४८३ इंजिन, १९४८ सीसी, १२ व्होल्ट. मुक्काम निफाड. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. पाचला भाजी भरून निघायचं असतं आणि नेमकी तेव्हाच गाडी उचलत नाही. दुपारी मात्र अर्ध्या सेल्फमध्ये चालू होते.

हीटरची (थंडीत गाडी उचलावी म्हणून डिझेल इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगची) मूळ वायरिंग आधीच्या मालकाने काढून टाकली आहे. आता हेडलाइटला वापरतात तसला ३० अँपिअरचा रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आहे, तो चावीवरून चालतो. बॅटरीपासून रिलेपर्यंत आणि पुढे प्लगपर्यंत २.५ चौरस मिमीची वायर, मध्ये फ्यूज नाही. चारही हीटर प्लग गेल्या हिवाळ्यात नवे टाकलेत, लवकर तापणारे. बॅटरी ८० एएच, आठ महिन्यांची.

२० सेकंद हीटर देऊनही तीन-चार वेळा सेल्फ मारावा लागतो आणि पांढरा धूर पडतो. हीटर चालू असताना चारही प्लगना जोडणाऱ्या पट्टीवर ८.९ व्होल्ट मिळतात, बॅटरीच्या खांबांवर ११.८. रिले किती अँपिअरचा घ्यावा, वायर किती जाडीची, आणि बटण ठेवावं की टायमर?

तार_आणि_थिंबल

दादा, तुमच्या दोन आकड्यांतच उत्तर आहे. बॅटरीवर ११.८ आणि पट्टीवर ८.९, म्हणजे २.९ व्होल्ट वाटेतच जातात. प्लगची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडते, त्यामुळे ढोबळ हिशेबाने प्लगला मिळायला हवी त्याच्या जेमतेम ५७-६० टक्के शक्ती मिळतेय. २० चे ४० सेकंद केलेत तरी टोक हवं तेवढं लाल होणार नाही, बॅटरी मात्र उतरेल आणि पुढे सेल्फ मंद फिरेल. नवे प्लग टाकूनही फरक न पडण्याचं कारण हेच.

खर्च करण्याआधी एक मोजमाप करा. हीटर चालू ठेवून मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी रिलेच्या ३० नंबर पिनवर (बॅटरीकडून येणारी). मग ३० आणि ८७ (प्लगकडे जाणारी पिन) च्या मध्ये. शेवटी ८७ आणि पट्टीच्या मध्ये. तिन्ही आकड्यांची बेरीज २.९ च्या जवळ आली पाहिजे. कुठे किती गळतंय ते लगेच कळेल.

आता सामान. चार प्लग थंड असताना मिळून ६० ते ८० अँपिअर ओढतात, आठ-दहा सेकंदांत ते ३५-४५ वर येतात. हेडलाइटच्या रिलेचं हे काम नाही. त्याचे पॉइंट, म्हणजे आतले एकमेकांना टेकणारे संपर्क, दर वेळी थोडे जळतात, काळे पडतात आणि एक दिवस चिकटून बसतात. रिले किमान ७० अँपिअरचा घ्या, जाड पिनांचा. सेल्फचा जुना सोलेनॉइड (सेल्फला करंट देणारा मोठा स्विच) रिले म्हणून लावायचा मोह होईल, पण तो काही सेकंदांपुरताच बनवलेला असतो. त्याची कॉइल तीन-चार अँपिअर खाते आणि हीटरला रोज लावली की तापून जाते. सोलेनॉइडच हवा असेल तर सतत चालणारा मागून घ्या.

मुख्य वायर १० चौरस मिमी, तांब्याची, बॅटरी ते रिले आणि रिले ते पट्टी. दोन मीटर लांबीला ५० अँपिअरवर ती जेमतेम ०.२ व्होल्ट खाते, तेवढ्याच लांबीची २.५ ची वायर ०.७ खाते. थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, थिंबल दाबायच्या पक्कडीनेच बसवा. साध्या पकडीने चपटं केलेलं थिंबल सहा महिन्यांत आतून हिरवं होतं. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात ८० अँपिअरचा पट्टी फ्यूज हवाच. आज तुमच्याकडे तो नाही, म्हणजे ती वायर कुठे बॉडीला घासली तर थेट आग.

बटणाची जोडणी: चावी चालू केल्यावर येणारा प्लस, ५ अँपिअरचा फ्यूज, बटण, रिलेच्या कॉइलची ८६ नंबर पिन. कॉइलची दुसरी पिन ८५ अर्थला. या लाइनला १ चौरस मिमीची वायर पुरते. बटण दाबून धरायचं असावं, बोट काढलं की बंद. खटक्याचं स्विच कधीही लावू नका, चालू राहिलं तर प्लग गेलेच.

आणि एक छोटा दिवा. त्याची वायर बटणावरून घेऊ नका, प्लगच्या पट्टीवरून १ अँपिअरच्या फ्यूजमधून घ्या. बटणावरून घेतला तर तुम्ही बटण दाबलंय एवढंच तो सांगेल. पट्टीवरून घेतला तर पट्टीपर्यंत करंट पोचतोय हे कळतं, आणि बटण सोडूनही दिवा विझला नाही तर पॉइंट चिकटलेत हेही त्याच क्षणी कळतं. तेव्हा चावी बंद करून उपयोग नाही, बॅटरीचा खांब सोडायचा.

नॉझलपंप

वायरिंगचं वर आलंच आहे, मी प्लगबद्दल लिहितो. ‘गेल्या हिवाळ्यात नवे’ म्हणजे आज चांगले असं धरू नका.

चारही प्लगला जोडणारी पट्टी काढा आणि प्रत्येक प्लग सुटा तपासा. साध्या मीटरने ओहम बघण्यात फार अर्थ नाही. प्लगचा रोध एका ओहमच्या आतबाहेर, आणि मीटरच्या सुयांचाच ०.२-०.३ असतो. २१ वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प बॅटरीच्या प्लसवरून प्लगच्या टोकाला लावा. पेटला तर आतली तार सलग आहे, नाही पेटला तर प्लग मेला. याहून चांगलं म्हणजे डीसी क्लॅम्प मीटर. एकेका प्लगला करंट मोजा: सुरुवातीला १५-२०, मग उतरत ८-१२. एखादा अजिबात उतरत नसेल तर तो जुन्या पद्धतीचा, तापल्यावर करंट आपोआप कमी न करणारा प्लग आहे आणि बाकीच्या तिघांबरोबर त्याचं जमणार नाही. चारही एकाच बनावटीचे, एकाच व्होल्टेजचे हवेत.

काढायचे असतील तर आदल्या रात्री धाग्यावर गंज सोडवणारं तेल सोडा, सकाळी इंजिन गरम करा आणि मग पाना लावा. एम १२ धाग्याच्या प्लगला ४५ न्यूटन मीटरपेक्षा जास्त जोर देऊ नका. हलत नसेल तर परत गरम करा, थोडं घट्ट-सैल करत सोडवा. तुटलेला प्लग काढायला हेड उतरवावं लागू शकतं. बाहेर आल्यावर टोक नीट बघा. ते सरळ, एकसारख्या जाडीचं हवं. मधेच फुगलेलं किंवा मुरुमासारखं उठलेलं असेल तर प्लग जास्त वेळ चालू राहिला आहे. फुगलेलं टोक भोकातून बाहेर येत नाही, जोर लावला की तुटून आत चेंबरमध्ये पडतं.

बसवताना भोकातला कार्बन साफ करा आणि २० ते २५ न्यूटन मीटरवर आवळा. वरची बारीक नट फक्त २-३ न्यूटन मीटर, म्हणजे बोटांनी बसवून छोट्या पान्याने एक हलका झटका. इथे ताकद लावली की आतलं इन्सुलेशन तडकतं. पट्टी आणि नटांच्या बसण्याच्या जागा पॉलिश पेपरने पिवळ्या चमकेपर्यंत घासा.

एक कळकळीची विनंती. गाडी उठत नाही म्हणून हवेच्या पाइपात स्टार्टिंग स्प्रे मारू नका. लाल प्लगवर इथर गेलं की पिस्टन वर यायच्या आतच भडका होतो. रिंग तुटते, पिस्टनला तडा जातो.

द्राक्षपट्टा_२०६

मोजलं. बॅटरी ते ३० नंबर ०.९, ३० ते ८७ मध्ये १.६, ८७ ते पट्टी ०.४. रिले उघडून बघितला, एका पॉइंटवर खड्डा आणि दुसऱ्यावर टोक आलंय, दोन्ही काळे. प्लगपैकी तीनवर टेस्ट लॅम्प पेटतो, तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर नाही. गाडीवर दोन ड्रायव्हर आहेत, म्हणून टायमरचा विचार होता.

तार_आणि_थिंबल

निम्म्याहून जास्त गळती एकट्या रिलेच्या पॉइंटमध्ये आहे. पॉइंट घासून परत लावू नका, वरचा मुलामा गेलेला असतो, महिन्याभरात तेच होईल.

दोन ड्रायव्हर असतील तर टायमर बरा, पण पाण्याच्या तापमानावर चालणारा. ठराविक सेकंदांचा टायमर दुपारी गरम इंजिनलाही तेवढाच हीटर देतो आणि प्लगचं आयुष्य फुकट जातं. टायमरने रिले चालवताना कॉइलवर उलटा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाका, डायोडवर आखलेल्या पट्टीची बाजू प्लसला, नाहीतर रिले सुटतानाच्या झटक्याने टायमरचा ट्रान्झिस्टर जातो. आणि बटण काढू नका. टायमर बंद पडला तर पहाटे तेच कामाला येईल.

बटणाचे सेकंद डॅशवर चिकटवून ठेवा. पट्टीवर १०.५ ते ११ व्होल्ट मिळायला लागले की ५-६ अंशांच्या पहाटेला १० ते १२ सेकंद, २० अंशांच्या पुढे ५-६, गरम इंजिनला शून्य. सेल्फ मारतानाही बटण दाबून ठेवा, इंजिनने पकड घेतली की सोडा. पहिल्यांदा चालू झाली नाही तर अर्धा मिनिट थांबून परत. लागोपाठ तीन-तीनदा हीटर देऊ नका.

नॉझलपंप

तिसऱ्याचा प्लग मेलाय म्हटल्यावर पांढऱ्या धुराचं कारण मिळालं. त्या सिलिंडरमध्ये डिझेल न जळता बाहेर जातं, म्हणून त्या धुराला कच्च्या डिझेलचा डोळ्यांना झोंबणारा वास येतो. तिसराच का गेला ते मात्र बघा. तिथला डिझेल फवारणारा नॉझल ठिबकत असेल तर नवा प्लगही जाईल. नॉझल काढून टेस्टरवर फवारा बघून घ्या.

भाऊ, शेवटचं मोजमाप अर्थचं. सेल्फ फिरत असताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीच्या मायनसमध्ये ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिनची अर्थ पट्टी बदला. प्लगचा करंट ब्लॉकमधूनच परत येतो. ती पट्टी गंजलेली राहिली तर नव्या रिलेचा आणि जाड वायरचा निम्मा फायदा तिथेच जाईल.