पोर्तुगालचे साम्राज्य गोव्यात मोडले की आफ्रिकेत?

मांडवीकाठ
‘गोवा सुटला आणि पोर्तुगालचे साम्राज्य संपले’ असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. मला हे पटत नाही. १९६१ नंतरही आफ्रिकेतले अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ लिस्बनच्याच ताब्यात होते आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने तिथे आणखी सैन्य ओतले. गिनीत अमिल्कार काब्राल यांच्या पक्षाने त्या सैन्याला जेरीस आणले. काब्राल यांची जानेवारी १९७३ मध्ये हत्या झाली, तरी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांच्या साथीदारांनी स्वातंत्र्य जाहीर केले. २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनची हुकूमशाही उलथवणारे तरुण अधिकारी याच युद्धांत पोळले होते. श्रेय आफ्रिकेचे आहे, ते तिलाच द्यावे.

रेवदंडेकर
साफ असहमत. १९५१ मध्ये घटना बदलून पोर्तुगालने वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. म्हणजे सोडायचा प्रश्नच नको! ही मखलाशी गोव्यात उघडी पडली. ४५१ वर्षांची सत्ता दोन दिवसांत आटोपली. सालाझारचा हुकूम शेवटपर्यंत लढण्याचा होता. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी तो मोडून शरणागती पत्करली, माणसे वाचवली, आणि सरकारने त्यांनाच सैन्यातून बडतर्फ केले. उद्या गिनीत हरलो तर खापर आपल्याच माथी फुटणार, ही धास्ती त्या तरुण अधिकाऱ्यांना गोव्यामुळेच होती.

मांडवीकाठ
धास्ती गोव्याची असेल, पण हरण्याची वेळ कोणी आणली? अंगोलातला उठाव फेब्रुवारी १९६१ चा, गोवामुक्तीच्या दहा महिने आधीचा. शिवाय गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात. लिस्बनमध्ये क्रांती झाल्यावर!

अघनाशिनी
मांडवीकाठ यांच्याशी सहमत. मात्र अंगोलाला १९७५ मध्ये स्वातंत्र्य मिळाले आणि २००२ पर्यंत यादवी चालली. वारशाबद्दल बोलायचे तर आधी त्याबद्दल बोला.

रेवदंडेकर
जरूर बोलू. पण १५ ऑगस्ट १९५५ ला हद्द ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात मराठी माणसे होती. त्याच वर्षी सेनापती बापट आणि ना. ग. गोरे तुकडी घेऊन गोव्यात शिरले होते. आफ्रिकेला तिचे श्रेय देताना या लोकांना तळटीपेत ढकलू नका, एवढेच माझे म्हणणे आहे.