मदत हवी आहे: ‘डॉक्टर पुरेसे आहेत’ हा सरकारी आकडा खोडायचा कसा?

वैतागलेली_नाशिककर: आमच्या भागात दवाखाना हवा म्हणून सोसायट्यांनी मिळून अर्ज दिला होता, त्यावर उत्तर आलंय की डॉक्टर पुरेसे आहेत, ८३४ माणसांमागे एक. अहो कुठले? आमचे फॅमिली डॉक्टर गेल्यापासून त्यांच्या गाळ्यात मोबाईल कव्हर विकतात, साधा ताप आला तरी रिक्षा करून जावं लागतं आणि रिक्षावाला जातानाच येण्याचे पण मागतो. खरा आकडा कुठे मिळेल? सोमवारी बैठक आहे. गूगल करा म्हणू नका, केलंय.

गोदाकाठ: भाग कुठला? आणि ८३४ नाशिकचा म्हणून दिलाय का? उत्तरातलं वाक्य जसंच्या तसं टाका ना.

वैतागलेली_नाशिककर: वाक्य तेवढंच आहे. भागाचं काय करायचंय, आकडा खोटा की खरा एवढंच विचारतेय.

माहितीअधिकार_काका: ताई, ८३४ अख्ख्या देशाचा आहे, २०२२ साली केंद्राने संसदेत दिलेला. नोंदणी झालेले ॲलोपॅथीचे डॉक्टर १३.०८ लाख, त्यातले ८० टक्के काम करतात असं *धरायचं*, वर आयुषचे (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) ५.६५ लाख मिळवायचे, की झाला १:८३४. आयुष काढलं तर तोच आकडा १:१२८० च्या आसपास जातो, म्हणजे हजारामागे एक हा निकषसुद्धा हुकला. पाथर्डी असो नाहीतर पेठ, सगळीकडे तीच सरासरी चिकटवायची! माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

वैतागलेली_नाशिककर: काका सोमवारी बैठक आहे.

माहितीअधिकार_काका: तरी टाकून ठेवा.

वैद्य_पंचवटी: आयुष काढून टाकायचं कारण कळेल का? रात्री साडेनऊला गल्लीत शटर उघडं असतं ते बीएएमएसचंच, म्हणजे आयुर्वेदाची पदवी घेतलेल्याचं. तुमचे एमडी कॉलेज रोड सोडून येतात का सिडकोत?

पॅथॉलॉजी_पम्या: वैद्यबुवा, शटर उघडं असतं हो, पण आत काढ्याऐवजी अँटिबायोटिकच मिळतं, मग मोजायचं कशात?

वैद्य_पंचवटी: तुम्हाला मोजायचंय की टोमणे मारायचेत?

एमआर_गंगापूररोड: भांडू नका. मी एमआर आहे, औषध कंपनीचा प्रतिनिधी, रोज दवाखान्यांच्याच पायऱ्या चढतो. मेडिकल कौन्सिलची यादी म्हणजे परवान्यांची यादी. त्यात दुबईला गेलेला पण असतो, हॉस्पिटलात आरएमओ (निवासी डॉक्टर) म्हणून नोकरीला असलेला पण, आणि स्पर्धा परीक्षा देऊन साहेब झालेला पण. पत्ता बरेचदा शिकत असतानाचा घरचा. नर्सिंग होमची नोंदणी असते ती खाटा असलेल्यांची, एक टेबल अन् एक पडदा असलेल्या ओपीडीला ती लागत नाही, आणि केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा (सगळे दवाखाने नोंदवायचा) आपल्या राज्याने घेतलेलाच नाही. म्हणजे फॅमिली डॉक्टर धड कुठल्याच यादीत नाही. आमची कॉल लिस्ट, म्हणजे भेटायच्या डॉक्टरांची यादी, मात्र ताजी असते, कारण बंद दवाखान्यावर गेलो तर फेरी आमची वाया जाते. तुमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला विचारा, कुणाच्या चिठ्ठ्या येतात ते तो बसल्या जागी सांगेल.

लेस्टरकर: नाशिकचाच, आता इंग्लंडात. इथे जवळपास प्रत्येकाचं नाव एका जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नोंदलेलं असतं, तरी आकड्यांचा घोळ आहेच. इंग्लंडची लोकसंख्या ६ कोटींच्या आत आणि जीपींकडे नोंदलेले पेशंट ६.३ कोटींच्या वर. घर बदललेले, देश सोडून गेलेले यादीत राहतात. डॉक्टर डोकी मोजून सांगितले की भरपूर दिसतात, पूर्णवेळाच्या हिशोबात मोजले की कमी. तुमच्याकडेही ही पूर्णवेळ समकक्ष पद्धत, म्हणजे अर्धवेळचे दोन मिळून एक, लावायला हवी.

मिसळप्रेमी: लेस्टरकर, पाव मिळतो का हो तिकडे?

गोदाकाठ: विषयावर या. लोकसंख्या कुठली धरलीय तेही बघा. शहराची जनगणनेतली लोकसंख्या अजून २०११ चीच आहे, १४.८६ लाख. त्यानंतर जिथे बिल्डरांच्या नव्या स्कीमा उठल्या तिथली माणसं कागदावर नाहीतच. म्हणून विचारतोय मघापासून, भाग कुठला, आणि दवाखाना मागितलाय तो कुणाचा?

वैतागलेली_नाशिककर: पाथर्डी फाट्याच्या आत, नवीन सोसायट्या. दवाखाना सरकारीच, अजून कुणाचा मागणार!

गोदाकाठ: अहो मग ८३४ च्या नादी लागूच नका! तो आकडा खासगी-सरकारी सगळ्यांचा मिळून आहे, तुमच्या मागणीला तो लागूच होत नाही. शहरी प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष साधारण ५० हजार लोकवस्तीमागे एक. बैठकीत तीनच गोष्टी विचारा: आमची वस्ती कुठल्या केंद्राला जोडलीय, त्या केंद्रावर किती लोकसंख्या धरलीय आणि ती कुठल्या वर्षाची, मेडिकल ऑफिसरचं पद भरलेलं आहे का. लोकसंख्या २०११ ची निघाली तर सोसायट्यांची फ्लॅटसंख्या समोर ठेवा, ती तुमच्याकडे आहेच.

वैतागलेली_नाशिककर: हे आधीच सांगायचं ना. फ्लॅटची यादी सेक्रेटरीकडे आहे, आज मागते. आणि एमआर दादा, मेडिकलवाला नावं लिहून देईल का?

एमआर_गंगापूररोड: लिहून नाही देणार, तोंडी सांगेल. तुम्ही त्या दवाखान्यांच्या पाट्यांचे वेळेसकट फोटो काढा. संध्याकाळी ६ ते ८ लिहिलेलं असतं आणि डॉक्टर येतात साडेसातला, तेही टिपून ठेवा.

वैद्य_पंचवटी: आमच्याकडे वेळेवर येतात.

सूर्यनमस्कार: पाथर्डी फाट्याला गुडघ्यासाठी फिजिओथेरपी हवी असेल तर चांगले आहेत एक जण, मेसेज करा.